आबांच्या न्हाणीतला दगड

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक माझ्याकडे खुलासा मागायला कमिटी नेमतील, कमिटीला अध्यक्ष लागेल, आणि अध्यक्ष कोण यावरून दोन घरं सहा महिने एकमेकांशी बोलणार नाहीत. परतूरहून एस.टी.ने तासाभरात पोचता येतं आणि गावात शिरताना उजव्या हाताला काळ्या दगडाचं चर्च लागतं, एवढं पुरे. गेल्या महिन्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या चर्चच्या कमानीचा फोटो आला. कमानीखाली एक होऊ घातलेले नवरा-नवरी एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, 'आपल्या पूर्वजांच्या एकोप्याचं प्रतीक.' त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली होती. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ते पूर्वज मी जवळून पाहिलेत. त्यांतले एक माझे वडील होते.

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो आबांच्या आंघोळीने. आबा म्हणजे माझे वडील, गावातले मोठे खातेदार आणि गावात जे जे म्हणून सार्वजनिक असेल त्याचे अध्यक्ष. भजनी मंडळाचेही तेच अध्यक्ष होते आणि त्यांना एक अभंग धड पाठ नव्हता. माय अंधारात उठून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या घालून बंब पेटवायची. त्या धुराचा वास, बंबातल्या पाण्याची भुणभुण, आणि मग परसातल्या न्हाणीतून आबांची आरोळी, 'हर हर गंगे!' गंगा कसली, शेजारच्या आडाचं पाणी ते. न्हाणीत बसायला एक काळाभोर दगड होता, दीड हात लांब, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळता. माझे आजोबा त्याच्यावर बसले, त्यांच्यामागे आबा बसले, आणि दोन पिढ्यांच्या बसण्याने त्याला अशी तुकतुकी आली होती की लहानपणी मी त्यात तोंड बघायचे. आंघोळ झाली की आबा सोवळ्यात. देवपूजा होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही, अगदी आम्ही पोरींनीसुद्धा नाही. दगडाखालून पाण्याला मोरीकडे जायला वाट होती आणि साबणाची वडी हमखास तिथेच घसरायची. ती काढायला बोटं आत घातली की दगडाच्या खालच्या अंगाला काहीतरी कोरल्यासारखं लागायचं. मला वाटायचं, टाकीचे घाव असतील.

गावाच्या खालच्या आळीत अकरा घरं ख्रिस्ती लोकांची. दोन-तीन पिढ्यांमागे त्यांनी देव बदलला, पण गावाने काही त्यांची जागा बदलली नाही. त्यांना आमच्या आडावर पाणी भरता येत नसे आणि आमच्या ओसरीच्या पायरीवर त्यांचा पाय पडत नसे. मार्थामावशी त्यांच्यातली. चर्च झाडायची, दिवाबत्ती करायची आणि घंटा वाजवायची. चर्चची पुढची कमान ती लहान असतानाच एका मोठ्या पावसात कोसळली होती. तेव्हापासून आत जायची कुणाची छाती नव्हती. प्रार्थना लिंबाच्या झाडाखाली व्हायची आणि घंटाही त्याच लिंबाला टांगलेली होती. गंमत म्हणजे त्या घंटेवर अख्खं गाव चालायचं. दुपारची घंटा झाली की वावरातल्या बाया भाकरी सोडायच्या, मास्तर शाळा सोडायचे, सोवळ्यातले आबासुद्धा 'घंटी झाली का?' म्हणून विचारायचे. घंटेचा आवाज कुणाला बाटवत नाही, असं बहुधा शास्त्रात कुठेतरी असावं. नाताळला मावशी मायसाठी करंज्या आणायची आणि परसाच्या दाराबाहेर ठेवून जायची. आबांच्या हुकमाने त्या गड्याला द्यायच्या. माय चार करंज्या पदराखाली लपवायची आणि मी आणि ती न्हाणीत जाऊन, आतून कडी लावून, त्याच दगडावर दाटीवाटीने बसून खायचो. इतक्या चांगल्या करंज्या मी पुन्हा कुठे खाल्ल्या नाहीत.

मी चौदा-पंधरा वर्षांची असताना जालन्याहून महिन्यातून एकदा येणारे पाळक एक पत्र घेऊन आले. कमान नाताळपर्यंत उभी करा, नाहीतर इमारतीला कुलूप लागेल आणि घंटा जालन्याला जाईल, असं त्यात होतं. घंटा जाणार म्हटल्यावर गाव हललं. आणि उद्घाटनाला कुणी मोठा साहेब येणार अशी आवई उठल्यावर तर आबाही हलले. कमिटी झाली. अध्यक्ष कोण, ते सांगायला नको. चुन्याचं काम जाणणारे हुसेनचाचा नावाचे म्हातारे गवंडी जालन्याहून आले. त्यांनी पडकी जागा बघितली, बिडी पेटवली आणि आबांना म्हणाले, "आबासाहेब, कमानीचा दगड म्हंजे ताकदीचं काम न्हाई, मापाचं हाय. खाली चिंचोळा, वर रुंद. हरेक पत्थर आपल्याच जागी बराबर बसतो. समदे नवे घडवायला बसलो तर नाताळ काय, पुढली दिवाळी बी निघून जाईल. जुने पंधरा दगड होते. कुठं गेले?"

चाचांनी जमिनीकडे बघितलं. जमलेल्या सगळ्या गावानेही जमिनीकडेच बघितलं. कारण जुने दगड कुठे गेले हे सगळ्यांना ठाऊक होतं. कमान पडली त्या वर्षी ज्याला बैलगाडी मिळाली त्याने एकेक दगड घरी नेला होता. कुणाच्या दारात पायरी झाली, कुणाच्या गोठ्यात दावण अडकवायला गेला, कुणाचा धुणं धुवायला. साधा दगड असता तर कळलंही नसतं, पण हे निमुळते दगड लांबूनच ओळखू यायचे. आठ दिवस कुणी तोंड उघडलं नाही. बायांनी दारातल्या पायऱ्यांवर गोणपाट टाकलं. आबा रोज पारावर उभे राहून ओरडायचे, "बाबांनो, परक्याची चीज घरात ठेवून कुणाचं भलं झालंय का?" आणि घरी येऊन आंघोळीला बसायचे.

शेवटी भानुदास धनगर आला. त्याच्या वाड्यावर मेंढरांना मीठ चाटायला ठेवलेला एक दगड होता, तो त्याने खांद्यावर घालून आणला आणि चाचांसमोर टाकला. "वावरात सापडला," असं म्हणून तो आभाळाकडे बघत उभा राहिला. मेंढरांच्या जिभांनी दगड लोण्यासारखा मऊ झालेला, आणि हा म्हणे नांगरताना सापडला. आबांना भाषण करायची सवय, आणि निवृत्त झालेल्या हेडमास्तरांच्या सत्काराची एक शाल घरात उरलेली. त्यांनी तिथल्या तिथे हलगी वाजवायला लावली आणि भानुदासला शाल-श्रीफळ दिलं. भानुदास ती शाल भर उन्हात अंगावर घेऊन आठवडाभर मेंढरांमागे फिरला. मग काय विचारता! ज्यांनी गोणपाट टाकलं होतं त्यांनीच पायऱ्या उपटल्या. दगडाला हळद-कुंकू लावून, पुढे हलगी, मागे पोरंटोरं, अशा मिरवणुका चर्चकडे निघायला लागल्या. शाल मात्र नंतर एकच ठेवली. सत्कार झाला की दुसऱ्या दिवशी घडी घालून परत आणून द्यायची. जो तो एकच वाक्य बोलायचा, 'वावरात सापडला.' ज्याच्या नावावर हातभर वावर नव्हतं त्या न्हाव्यालाही तो वावरातच सापडला.

यातला घोळ असा झाला की सत्काराची चटक लागलेल्या गावात दगड घरात नसलेले लोक अस्वस्थ झाले. आपल्या घराण्याने काहीच चोरलं नाही याची त्यांना लाज वाटायला लागली. मग तेही दगड आणू लागले. शाळेची पायरी एका सकाळी गायब झाली. कुणाचं तरी फुटकं जातं आलं. एकाने तर सडकेवरचा मैलाचा दगड खणून आणला. त्यावर 'परतूर' असं लिहिलेलं आणि खाली आकडा. चाचांनी तोही शांतपणे ठेवून घेतला. म्हणाले, "ठीक हाय. चर्चमधून परतूर किती लांब, ते कळंल लोकाला." पंधरा दगडांची कमान आणि दारात चाळीसेक दगडांचा ढीग. एवढं सगळं आलं, पण कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड काही येईना. चाचा त्याला चावी म्हणायचे. ती बसली नाही तर खालचा लाकडी साचा काढता येत नाही आणि काढलाच तर सगळं खाली.

आता ग्रुपवर ज्याला एकोपा म्हणतात त्याबद्दल थोडं. तो एकोपा नव्हता, ती चढाओढ होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण चढाओढीतून जे झालं तेही मी डोळ्यांनीच पाहिलं, म्हणून लिहायला हवं. चुना मळायला चर्चच्या आवारात घाणी बसवली. गोल चर खणून त्यात दगडी चाक, आणि ते फिरवायला पाळीपाळीने गावातल्या सगळ्यांचे बैल. चुन्यात घालायला गूळ आणि बेलफळाचा गर लागायचा. माय गुळाची ढेप पाठवायची आणि पाठवताना बघायला म्हणून स्वतःही जायची. खालच्या आळीच्या वाटेवरच्या बाभळी गावाने तोडल्या, कारण दगडाची मिरवणूक काट्यांतून कशी न्यायची? चाचा मार्थामावशीच्या चुलीवरचा बिनदुधाचा चहा प्यायचे. मिरवणुकीतली माणसं ताटकळत उभी राहायची, उन्हाची, घसा कोरडा पडलेली. एके दिवशी भानुदासने कप हातात घेतला. दुसऱ्या दिवशी चौघांनी घेतला. कुणी भाषण केलं नाही, कुणी हलगी वाजवली नाही. मला तो चहा पिणाऱ्यांचा आजही हेवा वाटतो, कारण मला तो प्यायची परवानगी नव्हती.

चावी सापडेना तेव्हा आबांनी तोड काढली. नवा दगड घडवायचा आणि त्यावर कमिटीची नावं कोरायची. अध्यक्षांचं नाव वर, मोठ्या अक्षरांत. "एक दगड घडवायला किती दिवस लागतील?" त्यांनी चाचांना विचारलं. चाचा म्हणाले, "हप्ताभर. पन नाव कोरू का काम करू?" आबा म्हणाले, "आधी नाव." मार्थामावशी लिंबाखाली उभी राहून हे ऐकत होती. त्या दिवशी दुपारची घंटा झालीच नाही. बाया उन्हात निंदत राहिल्या, मास्तरांचा पाढ्यांचा तास संपेना, आणि आबा दोनदा बाहेर येऊन ताटाकडे न बघता परत गेले. मी धावत चर्चकडे गेले. मावशी दोरी हातात घेऊन नुसती बसली होती.

"काय झालं मावशी? घंटी काहून न्हाई वाजवली?"

"मला एक सांग कुसुम," ती म्हणाली, "तुला माझं तोंड नीट दिसतंय न्हवं? मला तुझं अर्धंच दिसू राह्यलंय. काचबिंदू हाय म्हनत्यात. गेलेली नजर माघारी येत न्हाई. त्या मधल्या दगडावर माझ्या आज्यानं ज्वारीचं कणीस कोरलंय. ल्हानपनी मी रोज मान वर करून बघायचे. उरलेल्या डोळ्यानं ते पुन्हा वर चढलेलं बघायचं, येवढीच हाव होती. आता तुझ्या बाबाचं नाव बघत बसू व्हय?" आणि पुढे म्हणाली, "कणसाला दोन पानं हायती. एक मोडकं. आज्याची छिन्नी घसरली अन् पानाचा शेंडाच उडाला. म्हून तो दिसभर जेवला न्हवता, आसं माझी माय सांगायची."

मी घरी आले ती थेट न्हाणीत गेले. बाही वर सारून हात दगडाखाली घातला. दाणे. एकाखाली एक, भरलेले. खाली एक लांब पान. दुसऱ्या बाजूला दुसरं, आणि त्याचा शेंडा तुटलेला. ज्याच्या सावलीने माझे आजोबा दोन पावलं मागे सरकले असते, त्याच्या हातच्या कणसावर बसून आमच्या घरात दोन पिढ्या सोवळं पाळलं गेलं होतं. मला आबांची शरम वाटली आणि त्यांच्याहून जास्त माझी, कारण माझी बोटं वर्षानुवर्षं त्या पानावरून फिरली होती आणि मी फक्त साबण काढत होते. मी मायला सांगितलं. ती धपाटं थापत होती. तिचा हात थांबला नाही. "मला काय नवं सांगती?" ती म्हणाली. "तुह्या आज्यानं गाडीत घालून आनला. ह्यायला बी ठावं हाय. अध्यक्षाच्या न्हाणीत दगड सापडला तर त्यायनी तोंड कुठं दाखवावं? गप ऱ्हाय." ती एवढं बोलली आणि थापलेलं धपाटं तव्यावर करपलं. मायच्या हातून धपाटं करपलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा उद्घाटनाच्या शाली आणायला परतूरला गेले. मी मार्थामावशीचा हात धरला आणि तिला आमच्या परसाच्या दारापाशी आणलं. ती उंबऱ्याशी थबकली. तेवढ्यात माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत उभ्या. माय ओरडली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि माझ्यावर खेकसली, "कुसे, पाहुनीला माघल्या दारानं आनत्यात का? लाज न्हाई वाटत? पुढून आन." आणि खरोखरच आम्ही पूर्ण वळसा घालून पुढे गेलो. ओसरीची पायरी, मधलं घर, देवघर, चूल, सगळं ओलांडून मावशी न्हाणीत आली. भिंतींना काही झालं नाही. ती खाली बसली, दगडाखाली हात घातला आणि बोटांनी एकेक दाणा चाचपत पानापर्यंत गेली. मग हसायला लागली. इतकी हसली की तिला खोकला आला. "मोडकंच हाय," ती म्हणाली, "आजून मोडकंच हाय."

मायने कोपऱ्यातली पहार उचलली. तिघींनी मिळून तो दगड उकरला, उलटा केला, शेणामातीचा थर खरवडला आणि बंबातलं उरलेलं पाणी ओतून धुतला. दुपारी आबा शालींचा गठ्ठा घेऊन आले, तेव्हा अंगणाच्या मध्यभागी कणीस आभाळाकडे तोंड करून पडलं होतं आणि मार्थामावशी आमच्या ओसरीवर, आमच्या कपात चहा पीत होती. आबांचं तोंड उघडं राहिलं. भाषणाशिवाय उघडं राहिलेलं त्यांचं तोंड मी पहिल्यांदा बघितलं. "हे... हे कुठून आलं?" ते म्हणाले.

माय शांतपणे म्हणाली, "वावरात सापडला."

आबा खांबाला टेकून खाली बसले. मला थोडी दया आली, थोडी आली नाही. पण अध्यक्ष तो अध्यक्षच. दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली ती सगळ्यांत मोठी. आबा पुढे, आणि चर्चसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की परमेश्वराची करणी बघा, खालच्या पट्टीत नांगर अडला म्हणून खणलं तर हा दगड. गाव टाळ्या वाजवत होतं. प्रत्येकाला खरं काय ते कळलं होतं, कारण प्रत्येकाने तेच वाक्य बोलून शाल घेतली होती. आता अध्यक्षांनाच शाल कोण देणार, हा पेच पडला. मोठे साहेब काही आले नव्हते. हुसेनचाचांनी मार्थामावशीला पुढे केलं. तिने आबांच्या खांद्यावर शाल घातली. त्यांना मान वाकवावी लागली, आणि ती त्यांनी वाकवली. कुणीतरी म्हणालं, "मावशी, दोन शब्द बोला." मावशीने दगडावरून हात फिरवला, तो नाकाशी नेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आबासाहेबाचं वावर लई चांगलं हाय. तिथं साबन बी पिकतोय." हशा असा उठला की घाणीचे बैल बुजले. आणि त्या हशात सगळ्यांत आधी कोण हसलं असेल तर माझी माय.

चावी बसली, साचा निघाला, कमान उभी राहिली. घंटा लिंबावरून पुन्हा आत गेली. मावशीने मान वर करून जेवढं दिसलं तेवढं कणीस डोळे भरून बघितलं आणि मग दोरी अशी ओढली की वावरातल्या बायांनी अवेळीच भाकरी सोडली. पुढे रविवारखेरीज इतर दिवशी आत पोरांचा अभ्यास सुरू झाला. सगळ्या आळ्यांतल्या पोरांचा. मीही तिथेच बसून मॅट्रिकचा अभ्यास केला. मार्थामावशी नंतर आमच्याकडे पुढच्या दारानेच यायची. आबा तिला 'या' म्हणायचे नाहीत, पण 'का आलीस' असंही कधी म्हणाले नाहीत. आंघोळ मात्र त्यांनी पुढे आयुष्यभर उभ्याने केली. मायने दुसरा दगड आणू दिला नाही.

ग्रुपवरच्या फोटोत कणीस स्वच्छ दिसतं, मोडक्या पानासकट. पण फोटो बाहेरून काढलेला आहे. त्या दगडाची दुसरी बाजू चर्चच्या आतून दिसते. तिथे काही कोरलेलं नाही. नुसती एक गुळगुळीत, तुकतुकीत बैठक आहे, दोन पिढ्यांनी घासून दिलेली. प्रार्थना करून बाहेर पडणाऱ्या माणसांनी मान वर केली की माथ्यावर तीच दिसते. मी ग्रुपवर लिहिलं, 'एकदा आतूनही फोटो काढा.' सगळ्यांनी हात जोडले. फोटो अजून कुणी काढलेला नाही.